तिसरी हाक

बायकोने मारलेली हाक मला ऐकू आली होती. वाऱ्यामुळे ऐकू आली नाही, असं मी तेव्हा म्हणालो आणि पुढे तीन वर्षं सगळ्यांना तेच सांगत राहिलो. ते खोटं आहे. त्या संध्याकाळी वारा नव्हता.

जैसलमेरच्या पलीकडे वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान आहे. नाशिकला घरी बसून महिनाभर मी उपग्रहाच्या नकाशावर तिथली एकेक टेकडी न्याहाळत होतो. अंबडच्या कारखान्यात माझं काम तपासणीचं. तयार भागावर बारीकसा ओरखडा दिसला तरी तो बाजूला काढायचा. फोटोतही माझा तोच हट्ट. मला वाळूची अशी टेकडी हवी होती, जिच्यावर वाऱ्याने काढलेल्या रेघांखेरीज काहीही उमटलेलं नसेल.

तिथे गेल्यावर कळलं, उद्यानात वाळू तशी कमीच. लांबवर पिवळं गवत, खडकाळ माळ, मधेच एखादं खेजडीचं काटेरी झाड. जिथे वाळू होती तिथे जीपच्या चाकोऱ्या नाहीतर बकऱ्यांचे खूर, आणि मागे विजेचे खांब. दोन दिवस हिंडलो. प्रत्येक ठिकाणी मी उतरायचो, बोटांची चौकट करून बघायचो आणि मान हलवत परत यायचो.

"वाळूच पाहिजे ना?" बायको मागच्या सीटवरून म्हणाली. "आपल्या कॉलनीत बांधकाम चाललंय, तिथे मोठा ढीग आहे. वर कुत्रं झोपलेलं असतं, तेवढं उठवलं की झालं."

ड्रायव्हर तिथलाच, माझ्याच वयाचा. त्याला मराठी येत नव्हतं, तरी हसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानेच ती जागा दाखवली. गाडी रस्त्यावर ठेवून तो तिथेच थांबला आणि आम्ही दोघं पाच मिनिटं चालत गेलो. टेकडी समोर आली आणि मी जागीच थांबलो. एक बाजू उजेडात, एक सावलीत, मधली कड सुरीने कापल्यासारखी. एकही ठसा नाही. मी ट्रायपॉड लावला. सूर्य आणखी खाली उतरला, की रेघांच्या सावल्या लांबणार होत्या.

बायको थोडा वेळ बसली, मग कंटाळली. "मी वर जाऊन बघते, पलीकडे काय आहे."

"इथून नको! पावलं उमटतील. मागून वळसा घालून जा."

"पाय काखेत मारून जाऊ का?" असं म्हणाली खरी, पण वळसा घालूनच गेली. टेकडीआड दिसेनाशी झाली.

पहिली हाक आली ती रोजच्यासारखी. "अहो…" स्वयंपाकघरातून येते तशी. काहीतरी दाखवायला बोलावत असेल, असं मला वाटलं. दुसरी "अहो" मोठ्याने आली. त्या माळावर दुसरं मराठी माणूस नव्हतं, ती हाक माझ्यासाठीच होती. मी पुटपुटलो, "दोन मिनिटं."

तिसऱ्यांदा तिने माझं नाव घेतलं.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तिने कधीही, भांडतानासुद्धा, मला नावाने हाक मारली नव्हती. मी दचकलो. माझं बोट बटणावर होतं. सावल्या भरत आल्या होत्या. मी गेलो नाही. उजेड विझेपर्यंत फोटो काढत राहिलो.

मग पलीकडे गेलो तर ड्रायव्हर आधीच पोचलेला. तिकडची बाजू उभी, वाळू भुसभुशीत. ती घसरली होती आणि तिचा पाय रुईच्या मुळात अडकून पिरगळला होता. त्याने आपल्या डोक्यावरच्या साफ्याने तो बांधला होता. दोघांनी मिळून तिला गाडीत बसवलं. दार लावल्यावर त्याने विडी पेटवली आणि हळूच विचारलं, "साहब, मैंने गाड़ी तक सुन लिया. आपने नहीं सुना?"

"हवा थी," मी म्हणालो.

विडीचा धूर सरळ वर चालला होता. त्याने धुराकडे बघितलं, मग माझ्याकडे. विडी विझवून तो गाडीत बसला.

प्लास्टर निघालं तरी पाय पूर्वीसारखा झाला नाही. दर रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या माझ्याआधी चढणारी बाई आता खालीच बसते.

तो फोटो तिनेच फ्रेम करून हॉलमध्ये लावला. पाहुणे म्हणतात, "वा, एकसुद्धा पाऊल नाही!"

"माझी आहेत ना, मागच्या बाजूला," ती म्हणते. "आणि घाबरून मी चक्क यांचं नाव घेतलं हो! नशीब, यांना ऐकू गेलं नाही." सगळे हसतात. मीही हसतो.

पंचवटीच्या भाजीबाजारात कुणीही बाई "अहो" म्हणाली, तरी मी पिशवी हातात धरून थबकतो. पण ते सोसता येतं. घरात एकटा असलो, की त्या टेकडीमागून माझं नाव येतं. तिच्याच आवाजात. त्यानंतर तिने ते पुन्हा घेतलेलं नाही.

गेल्या रविवारी ती नेहमीसारखी पायथ्याशी शेंगा सोलत बसली आणि मी चढू लागलो. वरच्या वळणावर एका तरुण मुलीने नवऱ्याला नावाने हाक मारली. तो पुढे गेलेला मुलगा भराभर पायऱ्या उतरून तिच्याकडे आला. तिला फक्त पाण्याची बाटली हवी होती.

मी तिथूनच परत फिरलो.

"एवढ्यात आलात?" बायको म्हणाली. "दम लागला का? वय झालं तुमचं."

मी तिच्या शेजारी बसलो. तिच्याकडे बघून बोलायचं ठरवलं होतं, पण नजर तिच्या पायावरच राहिली.

"त्या दिवशी वारा नव्हता," मी म्हणालो. "तुझ्या तिन्ही हाका मला ऐकू आल्या होत्या. तू नाव घेतलंस, तेही ऐकलं. फोटोसाठी मी आलो नाही, आणि नंतर खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."