ब्रेक दाबला की हॉर्न

आमच्या अंगणातल्या जुन्या पिकअपवर तिघांनी काम केलं. व्हिडिओत दोघंच दिसतात. तिसरी मी.

ती पिकअप बाबांना कोहमाऱ्याला मिळाली, हायवेवरच्या एका ढाब्यामागे. ढाबेवाल्याच्या कोंबड्या तिच्यात राहत होत्या. जीपसारखं तोंड, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, आणि पत्रा इतका गंजलेला की बोट लावलं की पापुद्रे पडत. बाबा नुकतेच कालव्यावरच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका पिकअपमधून ते चोरखमाऱ्याच्या धरणावर जायचे, म्हणून जीव अडकला. एका ट्रकवर घालून ती गोंदियाजवळ मुर्रीला आमच्या अंगणात उतरवली, तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "कोंबड्या कायले सोडल्या तिथं? त्याही आणायच्या होत्या."

दुसऱ्याच रविवारी काका आले. काका म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे मित्र. गोंदियाच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि जुन्या गाड्यांचं वेड बाबांपेक्षा जास्त. ते आले की अंगण भरल्यासारखं वाटे. चहा मागत, आईची थट्टा करत, मला "इंग्लिश मॅडम" म्हणत, आणि फोन एका स्टुलावर टेकवून व्हिडिओ सुरू करत. गाडी कशी नवी होते ते दाखवणारं त्यांचं चॅनल होतं. आमच्या पिकअपमुळे ते बऱ्यापैकी चालायला लागलं. बालाघाट, भंडारा, पार रायपूरपर्यंतचे हौशी लोक ते बघत.

मी फारशी बोलत नाही. शाळेत इंग्रजी, बाजारात हिंदी, घरी झाडीबोली. तिन्हींमध्ये काहीतरी चुकेल म्हणून मी गप्प राहायला शिकले. आता एका खासगी शाळेत लहान मुलांना शिकवते. तिथे बोलावं लागतं, तेवढं बोलते. पिकअपच्या डॅशबोर्डखाली मात्र कोणाशीच बोलावं लागत नसे, आणि मी तिथे शिरले ती एवढ्या एका कारणाने नाही. जुनं वायरिंग उंदरांनी कुरतडलं होतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बारीक काम त्यांना दिसत नाही. काकांचं पोट स्टिअरिंगखाली जात नाही. आणि या गाडीची जी काही माहिती इंटरनेटवर होती ती सगळी इंग्रजीत.

"वाचून तर सांग बाई, काय लिहिलं आहे," असं म्हणून बाबांनी सुरुवात केली. मी वाचलं. मग वायर धरली. मग कापली. मग बाबा बाहेर खुर्ची टाकून बसायला लागले आणि मी आत उताणी पडून काम करायला लागले.

बाजारात चांगल्या जाडीची वायर फक्त लाल आणि काळ्या रंगात मिळाली. म्हणजे हेडलाइटचीही लाल, हॉर्नचीही लाल, ब्रेक लाइटचीही लाल. म्हणून प्रत्येक वायरीच्या टोकाला मी मेडिकलमधली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि तिच्यावर पेनाने नाव लिहिलं. दिसायला ते छान नव्हतं, पण त्यामुळे चूक होण्याची सोय उरली नव्हती. सगळी टोकं एका पट्टीवर स्क्रूने बसवली. एका रविवारी दुपारी बॅटरी जोडली आणि एकेक बटण दाबून पाहिलं. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न. ब्रेकवर पाय ठेवला तर मागे बाबा ओरडले, "लागला! लाल लागला!" काका शिटी मारून म्हणाले, "एक नंबर! कमाल कर दी मॅडमने." मी शेवटचा स्क्रू आवळत होते, तेव्हा ते बाजूने व्हिडिओ काढत होते. त्यात माझा चेहरा नव्हता. मनगटापर्यंतचा हात होता, पेचकस होता, आणि हिरव्या बांगड्या होत्या. आदल्या आठवड्यात चुलत बहिणीचं लग्न झालं होतं, त्या काढायच्या राहिल्या होत्या.

व्हिडिओ टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी खाली पहिला टोमणा आला. "अंकल, चूड़ियाँ कब से पहनने लगे?" मग त्याच्या खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. कोणी लिहिलं, घरच्या बाईकडून मजुरी करून घेता का. कोणी लिहिलं, आता ही गाडी स्वयंपाकघरातच चालवा.

संध्याकाळपर्यंत काकांनी तो व्हिडिओ काढून टाकला. बाबांना फोनवर सांगितलं, "लोग बहुत घटिया है भाऊ. पोरीच्या भल्यासाठीच काढला." बाबांनी मलाही तेच सांगितलं. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. वाटलं, खरंच माझ्यासाठी काढला असेल.

त्याच आठवड्यात एक दिवस शाळेतून आले, तर पिकअपच्या चाकाजवळ मातीत माझ्या पांढऱ्या चिकटपट्ट्या पडल्या होत्या. एकेकीवर माझं अक्षर. मी त्या उचलल्या, फ्रॉक घातलेल्या शेजारच्या मुलीने एक बोटाला गुंडाळली होती तीही मागून घेतली, आणि आत जाऊन बाबांना विचारलं.

"अरे, तो आला होता न," बाबा म्हणाले. "व्हिडिओ पुन्हा काढायचा होता. पट्ट्या दवाखान्यासारख्या दिसतात म्हणे."

काकांनी काय केलं ते मला नव्या व्हिडिओतच कळलं. पूर्ण झालेली जोडणी त्यांनी स्क्रू सैल करून सोडवली होती आणि कॅमेऱ्यासमोर पुन्हा बसवली होती. त्यांचा हात, त्यांची पुष्कराजाची अंगठी, माझा पेचकस. वर त्यांचा आवाज: "दोस्तों, वायरिंग हे सबसे नाजूक काम आहे. सब्र लागतो." मी केलेलं काम उसवून, तेच काम करत असल्याचा त्यांनी अभिनय केला होता. खाली लोक वाहवा करत होते. बांगड्यांची आठवण कोणालाच नव्हती.

"बाबा, वायरी सगळ्या लाल आहेत. पट्ट्या काढल्यावर त्यांना कसं कळलं कोणती कुठली?"

"हेडलाइट लावून पाहिला. लागला."

"बाकीचं?"

"लागेल न तेही."

"मला एकदा उघडून बघू द्या."

"आता नको उघडू बाई. डॅशबोर्डची पट्टी बसवून वरून रंग मारला आहे. स्क्रूवरचा रंग उडेल."

म्हणजे स्क्रूवरच्या रंगाला माझ्यापेक्षा जास्त किंमत होती. मी आईकडे गेले. आई तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी रोज रांधतो, माझा कोणता व्हिडिओ निघते?" तिला मला गप्प करायचं होतं की माझी बाजू घ्यायची होती, हे मला अजून कळलेलं नाही.

पिकअप पहिल्यांदा अंगणाबाहेर काढायची तो रविवार काकांनी सणासारखा केला. गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं. गोंदियातले आणि बालाघाटचे काही गाडीवेडे आपापल्या जुन्या गाड्या घेऊन आले होते. गल्लीतले लोक गच्च्यांवर. मी दाराशी नारळाच्या तुकड्यांचं ताट घेऊन उभी होते, कारण ते काम मला दिलं होतं. काका फोन हातात धरून थेट प्रक्षेपण करत होते. बाबा स्टिअरिंगवर बसले. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा फार दिवसांनी पाहत होते, आणि तेव्हा मी खरोखर मनात म्हटलं, जाऊ दे, हात कोणाचा का असेना.

गाडी फाटकातून निघाली. समोरून एक सायकलवाला आडवा आला आणि बाबांनी ब्रेक दाबला.

हॉर्न वाजला. छोटा नाही, लांबच लांब. बाबा घाबरले, त्यांनी पाय आणखी दाबून ठेवला, हॉर्न आणखी वाजत राहिला. सायकलवाला तोल जाऊन पडला आणि उठून हसायला लागला. बाबांनी पाय काढला, हॉर्न थांबला. पुन्हा ठेवला, पुन्हा सुरू. मग त्यांनी गोंधळून हॉर्नचं बटण दाबलं, तर मागचा लाल दिवा लागला. अख्खी गल्ली हसत होती. बालाघाटच्या एका पाहुण्याने विचारलं, "भाईसाब, हॉर्न ब्रेक पे रखने का कोई नया फॅशन है क्या?"

दोन लाल वायरी अदलाबदल झाल्या होत्या. एवढंच. दाराशी ताट धरून उभ्या उभ्या मला ते कळलं होतं.

काका फोनकडे बघून हसले आणि म्हणाले, "अरे दोस्तों, वायरिंग घरच्या पोरीनं केली होती. हौस होती तिले. बच्ची है, हो जाता है."

इतके महिने मी केलेल्या कामाला माझं काम म्हणून पहिल्यांदा जाहीरपणे ओळखलं गेलं, ते हे असं. जोवर चांगलं होतं तोवर तो त्यांचा हात होता. बिघडलं, त्या क्षणी ते माझं झालं. आणि लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. काहींनी प्रेमाने पाहिलं, ते जास्त लागलं. मी बाबांकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं. काकांनी जोडणी सोडवली तेव्हा ते बाजूला खुर्चीवर बसलेले होते. ते स्टिअरिंगकडे बघत राहिले.

मी ताट ओट्यावर ठेवलं आणि आत गेले. काय बोलायचं ते मला नेहमी नंतरच सुचतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी डॅशबोर्डची पट्टी स्वतः उघडली. चष्मा बदलून पाहिला, टॉर्च तोंडात धरली. दोन-तीन दिवस तेच चाललं. एकदा तर इंडिकेटर आणि हेडलाइट एकत्र लुकलुकायला लागले. शेवटी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"करून दे न बाई. तुझ्याशिवाय नाही होत."

"हे काल सगळ्यांसमोर का नाही सांगितलं?" मी म्हटलं. काल नव्हतं, त्याला दिवस झाले होते, पण माझ्यासाठी ते कालचंच होतं.

"इतक्या लोकांत त्याचा अपमान कसा करू? मित्र आहे."

"आणि माझा केला तो?"

"तू घरची आहेस."

त्यांना वाटलं, यात सगळं आलं. मला तर राग यायला तिथूनच खरी सुरुवात झाली. घरची आहे म्हणून माझं काम फुकट, घरची आहे म्हणून माझं नाव नको, आणि कोणाचा तरी मान राखायचा असेल तर खर्ची घालायला आधी घरचीच. मी म्हटलं, "काकांना सांगा, वायरिंग कोणी केलं आणि कोणी बिघडवलं. मग हात लावते." आयुष्यात बाबांना अट घालायची माझी ही पहिलीच वेळ. ते निघून गेले. पण संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारत फोनवर बोलताना मी त्यांना ऐकलं. "नाही रे, तिनं बरोबर केली होती. तू उघडली, तवा चुकली. हो. तेच सांगून राहिलो न तुले."

त्यांना ते जड गेलं, हे आवाजावरून कळत होतं. मी लगेच जाऊन सगळ्या वायरी सोडवल्या, जागच्या जागी लावल्या आणि नव्या पट्ट्या चिकटवल्या. बाबांनी टॉर्च धरली होती. स्क्रूवरचा रंग उडाला, त्याबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत.

काकांनीही बाबांचं ऐकलं, त्यांच्या पद्धतीने. अंगठीच्या हाताचा तो व्हिडिओ तसाच ठेवला आणि त्याच्या खाली एक ओळ घातली: वायरिंगच्या कामात मदत, भाऊंची कन्या.

मदत.

मी ती ओळ शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचली. एका बाजूला वह्या तपासणं चालू होतं. मग खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. कोणीतरी विचारलं होतं, काका, आमच्याकडेही हीच गाडी आहे, तुमचं बघून हूबेहूब तशीच जोडणी करतो आहे, चालेल ना? काकांनी त्याला अंगठा दाखवला होता. बिनधास्त करा, असा.

मी कधी कुठे काही लिहीत नाही. त्या दिवशी लिहिलं. मराठीत लिहिलं, शुद्धलेखन तीनदा तपासून. "मदत नाही. या गाडीचं पूर्ण वायरिंग मी केलं आहे. या व्हिडिओत दिसते ती जोडणी चुकीची आहे, तशी केली तर ब्रेक दाबल्यावर हॉर्न वाजेल." आणि त्याखाली कोणती वायर कुठे जाते ते ओळीने दिलं.

घरी पोहोचले तेव्हा बाबांच्या फोनवर काका होते. इतक्या मोठ्याने बोलत होते की मला फाटकापासून ऐकू आलं. "भाऊ, तुझ्या पोरीले सांग, ते काढून टाक म्हणा. लोक काय समजतील मले?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन माझ्यापुढे धरला. "तिलेच सांग न," ते म्हणाले.

मी फोन हातात घेतला. "काका," मी म्हटलं, "मी लिहिलं त्यात काही चूक आहे का?"

पलीकडे दुकानातला गलका ऐकू येत होता. "चूक नाही बेटा, पण असं..."

"मग राहू द्या ते तिथेच," मी म्हटलं, आणि फोन बाबांच्या हातात परत दिला.