आतोबांचा उद्या पक्ष

माझ्या आतोबांनी आयुष्यात सरळ उत्तर म्हणून कधी कुणाला दिलं नाही. "जेवलात का?" एवढ्या साध्या प्रश्नालासुद्धा नाही. "जेवलो, पण तुझ्या आत्याला तसं वाटत नाय," असं काहीतरी म्हणायचे आणि आत्या आत भांडं आपटायची. एकदा खानेसुमारीवाला दारात आला. त्यानं धंदा विचारला, तर आतोबांनी छातीवर हात ठेवून "जावई" असं सांगितलं आणि त्या गरिबानं ते लिहूनही घेतलं. गल्लीत कुणाच्या घरी मयत झाली की पहिल्या दिवशी लोक आतोबांना दाराबाहेरच थोपवून धरत, न जाणो काय बोलतील म्हणून. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच घरचं माणूस हळूच येऊन सांगे की म्हातारीनं परवापासून तोंडात घास घेतलेला नाही, तेवढं जरा येऊन जा. आतोबा टोपी घालून जात. तिथं ते काय बोलत देव जाणे, पण म्हातारी जेवे.

मी करमाडहून शिकायला औरंगाबादेत आलो आणि गुलमंडीजवळ आत्याच्या घरी राहिलो, तेव्हा पोलीस ॲक्शनला आठ-दहा वर्षं होऊन गेली होती. निजामाच्या राज्यात आतोबा नगरपालिकेच्या कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून. त्यांचं उर्दू अक्षर असं की कागदावर वेल चढल्यासारखं वाटावं. राज्य गेलं, कचेरीत मराठी आली आणि आतोबांनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "माझी उर्दू सही बघून साहेब उठून उभा राहायचा. मराठी सही बघून त्यानं मला पाणी आणायला सांगितलं." मग त्याच कचेरीबाहेर लिंबाखाली एक मेज टाकून ते अर्जनवीस झाले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायचे, हा धंदा. हट्टानं मराठी अक्षरही घोटून घोटून तसंच वेलबुट्टीचं करून टाकलं. अर्ज लिहून झाला की ते तो अर्जदाराला मोठ्यानं वाचून दाखवत आणि ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर टराटरा फाडून पुन्हा लिहीत. एका माणसाला म्हशीच्या दाखल्यासाठी त्यांनी इतका रडवला की तो अर्ज न देताच म्हशीला बघायला घरी गेला.

अर्ज घेऊन आत गेलेला माणूस थोड्या वेळानं बाहेर यायचा, तोंड पाडून. आतोबा विचारायचे, काय म्हणले? तो म्हणायचा, उद्या या म्हणले. हे रोज ऐकून ऐकून त्यांच्या डोक्यात ते खूळ शिरलं असावं. नगरपालिकेच्या निवडणुका लागल्या तशी एका संध्याकाळी चहाच्या हॉटेलात, आपल्यासारख्याच रिकामटेकड्या मित्रांच्या साक्षीनं, त्यांनी 'उद्या पक्ष' काढला. जाहीरनाम्यात एकच ओळ होती: आम्ही सगळं उद्या करू. निशाणी मिळाली खाट. आता निशाणी खाट म्हटल्यावर प्रचार दुसरा कसा करणार? चौघांनी खाट खांद्यावर घ्यायची, तिच्यावर आतोबा आडवे, आणि मागून आम्ही कॉलेजची पोरं, मी रचलेल्या घोषणा देत. शहागंजात एका म्हातारीनं मिरवणूक बघून मनोभावे हात जोडले. आतोबा खाटेवर उठून बसले आणि तिलाही हात जोडून म्हणाले, "आई, अजून नाय. मतदान झाल्यावर." म्हातारी भोवळ येऊन पडायचीच राहिली. पुढं तिनं मत मात्र आम्हालाच दिलं, असं ती स्वतः सांगत फिरे.

गंमत गंमत म्हणता आमचे पाच जण निवडून आले. अहो, दोन्ही मोठे पक्ष बरोबरीत अडकले, आणि ह्यांचा अध्यक्ष नको, त्यांचाही नको, असं करता करता एका दुपारी दोन्हीकडची माणसं आत्याच्या ओसरीवर येऊन बसली. दिवेलागणीला माझे आतोबा नगराध्यक्ष झाले होते. आत्यानं कपाळाला हात लावला. दुपारी ह्यांना तासभर झोप लागते, तिथं झोपायची काही सोय आहे का, एवढंच तिनं त्या लोकांना विचारलं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, मजा बघायला. आतोबा खुर्चीत बसले, दोन्ही हात टेबलावर फिरवून पाहिले आणि मला डोळा मारला. तेवढ्यात शिपायानं विचारलं की मागचे अर्ज बघायचे का, आणि भिंतीतलं कपाट उघडलं. कपाटभर अर्ज होते. आतोबांनी वरचा गठ्ठा घेतला, सोडला, एक कागद बघितला, दुसरा बघितला. मग खालचा गठ्ठा ओढला. मला वाटलं, आता काहीतरी फर्मास बोलणार. पण त्यांचा चेहरा कुणी तोंडात मारल्यासारखा झाला होता. मी वाकून पाहिलं तर सगळ्या कागदांवर तेच वेलबुट्टीचं अक्षर. लिंबाखाली बसून माणसांना रडवून लिहिलेले त्यांचे स्वतःचे अर्ज, घडीसुद्धा न मोडलेले.

त्याच आठवड्यात हलीमाबी आली. टेकाडावरच्या गल्लीत विड्या वळून पोट भरणारी ही बाई. त्या गल्लीला पाणी नव्हतं. बाया खालच्या नळावरून घागरी भरून चढ चढत, आणि नळ मिळावा म्हणून हलीमाबी दर वर्षी एक अर्ज करी. आतोबा सवयीनं म्हणाले, बाई, आमचा पक्ष कोणता ठाऊक आहे ना, उद्या या. हलीमाबी हसली नाही. चिडलीही नाही. "साब, अर्जी तो तुमारीच लिखी हुई है," ती म्हणाली. "मेरा तो खाली अंगूठा है."

झालं. त्या दिवसापासून आतोबा कामाला लागले. सकाळी सातला ओव्हरसियरला घेऊन टेकाडावर, दुपारी सभा, संध्याकाळी पुन्हा टेकाडावर. कपाटातला एकेक अर्ज काढून ते निकालात काढू लागले. दाखले मिळाले, दिवे लागले, गटारं झाली. हॉटेलातली मंडळी मात्र भडकली. पक्षाच्या चार मेंबरांनी घरी येऊन बजावलं की हा मतदारांचा विश्वासघात आहे, आपल्या जाहीरनाम्यात काम करायचं कुठंही लिहिलेलं नाही. ते थट्टाच करत होते, पण निम्मीच. आतोबांनी त्यांना नळाचा नकाशा दाखवायला काढला तसे ते चहा न घेताच उठले आणि पुन्हा आले नाहीत.

आणि घरात? घरात तर सुतकच आलं. "जेवलात का?" विचारलं तर आतोबा म्हणत, "जेवलो." बस्स. मयतीला गेले तर दोन मिनिटं उभे राहत, वारसाच्या दाखल्याला काय काय लागतं ते सांगत आणि निघत. आत्याचं भांडं आपटणं बंद झालं. मला तर जेवताना घास गोड लागेना. एवढा हसरा माणूस गेला कुठं, असं मनात यायचं आणि त्या हलीमाबीचा, खरं सांगतो, मला राग यायचा.

पुढची निवडणूक आली तोवर पाइप टेकाडाच्या पायथ्याशी पोचला होता. आता पंप आणि वर एक टाकी राहिली होती. आतोबा दारोदार जाऊन तेच सांगत. मला अजून थोडा वेळ द्या, पाणी वर चढवतो. लोक ऐकून घेत आणि विचारत, आतोबा, खाट कुठंय? पाठ वळली की म्हणत, माणूस पार बदलला हो. तेव्हा मी एकवीस पुरा झालो होतो. ते माझं पहिलंच मत. पडद्याआड गेलो, खाटेकडं पाहिलं आणि शिक्का दुसऱ्याच निशाणीवर मारला. पडले तर घरी येतील, पुन्हा पहिल्यासारखे होतील, एवढाच माझा हिशेब. आतोबा पडले, थोडक्यात पडले. पायथ्याशी आलेला पाइप तिथंच गंजत राहिला. पाणी वर गेलं ते बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या कारकिर्दीत, आणि तोवर हलीमाबी गेली होती.

आतोबा घरी आले खरे, पण पहिले आतोबा काही आले नाहीत. आत्या वारल्यावर ते आपल्या गावी, देवगाव रंगारीला शेतावर जाऊन राहिले. इतकी वर्षं माझ्या मनात ते मत सलत होतं. एकदा भेटायला गेलो, दोघंच गोठ्यापुढं बसलो होतो, तेव्हा सांगून टाकलं. म्हटलं, आतोबा, दुसऱ्या खेपेला मी तुम्हाला मत दिलं नव्हतं.

त्यांनी पुढ्यातली वैरण गुरांकडं सारली. मग म्हणाले, "तुझ्या आत्यानं पण नाय दिलं. जायच्या आधी तिनंच सांगितलं मला. म्हणली, घर लई सुनं झालं होतं."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुमचं काय चुकलं रे," ते म्हणाले. "मला पण मी तसा आवडत नव्हतो. पण हलीमाबीला पाणी पाहिजे होतं, बाबा. तिला हसायचं नव्हतं."

आतोबा माझ्या शेजारी बसले होते आणि मला त्यांची फार आठवण येत होती.