हजार वॅटचं खोटं

दुकानदाराने खोकं काउंटरवर ठेवलं आणि त्याची छापील बाजू माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे वळवली.

"सर, हे बघा. हजार वॅट. अख्खी गल्ली हलेल."

मला गल्ली हलवायची नव्हती. मला अकोले तालुक्यातल्या म्हाताऱ्या सुइणींचं बोलणं नीट ऐकायचं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही देवळाली प्रवरेला राहत होतो. नवरा प्राथमिक शाळेत शिक्षक. मी घरातच कॉम्प्युटर मांडून टायपिंगची कामं करायचे, लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, पतपेढीचे अर्ज. नगरच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापक बाईंनी मला एक वेगळं काम दिलं. त्यांनी डोंगरातली गावं हिंडून सुइणींच्या आठवणी टेप केल्या होत्या. त्या ऐकायच्या आणि बाया जशा बोलल्या तशाच टाइप करायच्या, एक शब्द इकडचा तिकडे न करता. पण माझ्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर फाटलेला, आणि हेडफोन तासभर लावला की कान ठणकायचे. म्हणून स्पीकर घ्यायला नगरला आलो होतो.

कोणते घ्यायचे हे मला ठाऊक होतं. लग्नाआधी मी आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला होता. वर्गात मी एकटी मुलगी. माझे वडील वायरमन होते, त्यांनीच हट्टाने घातलं होतं. तिथे परीक्षेसाठी बनवलेला ॲम्प्लिफायर माझ्याकडे अजून होता, पत्र्याच्या डब्यातला, पण खणखणीत. त्यामुळे मला ज्यांच्या पोटात काही यंत्र नाही असे साधे, लाकडी पेटीतले स्पीकर हवे होते. ॲम्प्लिफायरच्या वायरी जोडल्या की वाजणारे, आठ ओहमचे, टेबलावर मावतील एवढे आणि सातशे रुपयांच्या आतले.

हे सगळं मी दुकानदाराला सांगितलं, टेबलावर कॉम्प्युटरही असतो हेही. तो हसला आणि नवऱ्याला म्हणाला, "सर, वहिनींनी कुठंतरी वाचलेलं दिसतंय. कॉम्प्युटरला तसले नाही चालत. कॉम्प्युटरला हेच."

"हजार वॅट म्हणता, मग ट्रान्सफॉर्मर केवढा आहे यात?" मी विचारलं. "एवढ्याशा डबीत पाच वॅटचा जेमतेम बसेल. जरा वाजवून दाखवा, मी कॅसेट आणलीय."

"सीलपॅक माल आहे, वहिनी. उघडला की घ्यावा लागेल."

दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. ती बघायला लागली तसे नवऱ्याचे कान लाल झाले. माझ्या कोपराला धरून तो हळूच म्हणाला, "अगं, पुरे आता. ते रोज विकतात. त्यांना कळतं ना." आणि त्याने खिशातून पैसे काढले.

एसटीत बसल्यावर ते खोकं मी नवऱ्याच्या मांडीवर टाकलं आणि खिडकीकडे सरकले. दुकानदार परका होता. पण लग्नात माझं आयटीआयचं सर्टिफिकेट मित्रांना कौतुकाने दाखवणारा हा माणूस चार लोकांसमोर माझ्या ज्ञानाची लाज वाटून मलाच गप्प बसवतो, याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

घरी आणून ते डबडं टेपरेकॉर्डरला लावलं. आधी नुसती घूं घूं. मग कॉम्प्युटरच्या पडद्याच्या दोन्ही कडांना जांभळे-हिरवे डाग पडले, कारण आतल्या चुंबकाला काही आडच नव्हतं. बोलणं तर असं, की जणू कुणी पाण्याच्या टाकीत तोंड घालून बोलतंय. तरी मी कामाला बसले, कारण पानं द्यायची मुदत जवळ आली होती. भंडारदऱ्याकडची एक सुईण एका जुन्या बाळंतपणाची हकीकत सांगत होती. जीपची वाट बघून बघून शेवटी तिने घरातच सोडवणूक केली होती.

"उलटं हुतं. पायाकडनं. मी बेतानं वडलं. लई येळ गप. मंग रडलं न्हाई."

मी तसंच टाइप केलं. शेवटच्या शब्दाची खात्री वाटेना, म्हणून कॅसेट मागे घेऊन पुन्हा ऐकलं, तरी तसंच वाटलं. चार कॅसेटची पानं बाईंकडे पाठवली.

आठवड्याने ते खोकं घेऊन मी एकटीच नगरला गेले.

"सर नाही आले?" दुकानदाराने विचारलं.

"स्पीकर मी वापरते. पडद्यावर डाग पडतात आणि शब्द कळत नाहीत. परत घ्या."

"तुम्ही जोडताना काहीतरी चुकलं असेल, वहिनी. सरांना पाठवा, मी त्यांना समजावून सांगतो."

मी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. काउंटरवरच चार स्क्रू सोडवले आणि मागचं झाकण उघडलं. आत लिंबाएवढा ट्रान्सफॉर्मर आणि तळहाताहून लहान कागदी स्पीकर.

"हजार वॅट कुठे आहेत यात? मला बोट ठेवून दाखवा." माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. शेजारी एक माणूस तसलंच खोकं हातात घेऊन उभा होता. त्याने ते मुकाट्याने खाली ठेवलं.

दुकानदाराचा चेहरा उतरला, पण तो म्हणाला, "उघडलंत ना? आता माल परत होणार नाही."

"नकोच मला," मी म्हटलं आणि ते उघडं धूड तिथेच टाकून बाहेर पडले. पैसे बुडाले होते. पण तसंच घरी जायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

मागच्या गल्लीत रेडिओ दुरुस्तीचं एक लहानसं दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ॲम्प्लिफायर किती वॅटचा हाय, ताई?" मला कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न.

त्याच्याकडे दोन वापरलेल्या जोड्या होत्या. एक मोठी, चकचकीत चंदेरी कडेची. दुसरी लहान, तपकिरी कापडाची, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. "दोन्ही वाजवून बघा. निवांत बघा," तो म्हणाला आणि त्याने माझ्या पर्समधली त्या सुइणीची कॅसेट लावली. मोठ्या जोडीतून सुईण रांजणातून बोलल्यासारखी वाटली. मग त्याने वायरी लहान जोडीला लावल्या. तिचं खाकरणं ऐकू आलं, बांगड्या ऐकू आल्या, मागे कुठंतरी कोंबडी ऐकू आली. मग ते वाक्य आलं.

"लई येळ गप. मंग रडलं, बाई!"

मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. 'न्हाई' नव्हतंच. 'बाई' होतं.

"काय झालं, ताई?" मेकॅनिकने विचारलं.

"पोर जित्तं हाय," माझ्या तोंडून निघालं. त्याला काय कळणार होतं. पण तो हसला, आणि चुंबकाची ओढ स्क्रूड्रायव्हरने तपासून म्हणाला, "पडद्यापासून हातभर लांब ठेवा. डाग पडायचे न्हाईत."

लहान जोडी पिशवीत घालून मी आधी एसटीडी बूथ गाठला आणि प्राध्यापक बाईंना फोन लावला. चूक सांगितली.

"बरं झालं कळलं," त्या म्हणाल्या. "त्या बाळंतपणात जन्मलेली मुलगी आता मोठी झालीय, तीच मला त्या सुइणीच्या घरी घेऊन गेली होती. छापलं की पहिली प्रत तुला देईन, असं मी तिला कबूल केलंय."

बूथच्या काचेला टेकून मी उभी राहिले. एका माणसाने खोक्यावर वाटेल तो आकडा छापला, दुसऱ्याने तो विकला, तिसऱ्याने माझं न ऐकता विकत घेतला, आणि कागदावर एक जितीजागती बाई जन्मताच मेली. टाइप करणारे हात माझे होते. मी स्वतःवरही तितकीच चिडले होते. कानांना शंका आली होती, तरी मी पानं पाठवली होती.

घरी आल्यावर स्पीकर जोडले आणि नवऱ्याला समोर बसवलं. दोन्ही वाक्यं सांगितली, मग कॅसेट लावली. तो डोळे मिटून ऐकत राहिला. "माझं चुकलं," शेवटी तो म्हणाला.

अशा वेळी 'असू द्या' म्हणायची आम्हा बायकांना सवय असते. मी म्हटलं नाही. कॅसेट उलटी केली आणि कामाला लागले.