सहा पाचची गाडी आणि माझं अचूक घड्याळ

हसायचं नाही, ही अट कबूल असेल तरच सांगतो. गेल्या वेळी दिघ्यांनी ही हकिकत सांगितली तेव्हा तुम्ही सगळे लोळलात, मी पाहिलंय! दिघे मीठमसाला लावून सांगतात. मी खरं काय ते सांगतो. आणि ऐकून झाल्यावर तुम्हीच सांगा, यात माझी काय चूक होती?

तर, आम्हा तिघांना आगगाड्यांचं वेड. जयंतीभाई, दिघे आणि मी. खेळण्यातल्या गाड्या म्हणू नका हं, जयंतीभाई समोरचा चहा परत नेतात. मॉडेल म्हणायचं! बडोद्यात मांजलपूरला त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत चार प्लायवूडच्या फळ्यांवर आमची अख्खी रेल्वे आहे. रूळ, सिग्नल, प्लास्टरचा बोगदा, भांडी घासायच्या काथ्याची हिरवी रंगवलेली झाडं. एका कोपऱ्यात जयंतीभाईंचं स्टेशन, दुसऱ्यात दिघ्यांचं, आणि खिडकीपाशी माझं. माझ्या स्टेशनचं नाव सुमनपुरा.

सुमन म्हणजे आमची ही. मला वाटलं, खूश होईल. पाटी मी स्वतः रंगवली होती, ड्रॉइंगचा मास्तर आहे मी, अक्षर बघत राहावं असं. हिनं पाटी पाहिली आणि म्हणाली, "माझ्या नावाचं स्टेशन नको, मला कधीतरी स्टेशनवर न्यायला या."

आणि पुढे नेमकं काय व्हावं? तर तिच्या भावाच्या वास्तुशांतीला जळगावला जायचं होतं, आणि त्या दिवशी आमची मालगाडी बोगद्यात रुळावरून घसरली. मी पोचलो स्टेशनवर, नाही असं नाही. पण गाडी गेली होती आणि त्या गाडीत ही गेली होती. एकटी. वीस दिवस फोन नाही, पत्र नाही. आणि एकविसाव्या दिवशी कार्ड आलं: "रविवारी संध्याकाळी सहा पाचच्या गाडीनं येते. प्लॅटफॉर्मवर दिसलात तर घरी येईन. नाहीतर त्याच पावली परत."

बायकोला तुम्ही ओळखत नाही. ही बोलते ते करते. लग्नाआधी म्हणाली होती, तुमच्या हातची पोळी खाल्ल्याशिवाय राहणार नाही, आणि पहिल्या महिन्यात मला पोळपाटापाशी बसवलं होतं!

मी ठरवलं, या वेळी मिनिटाची चूक नाही. आणि मला वेळेचं कोणी शिकवू नये. एकोणतीस वर्षं शाळेच्या घंटेवर जगलेला माणूस मी. आमच्या रेल्वेतही कोणाची गाडी उशिरा आली की मी सोडत नाही. जयंतीभाईंची मालगाडी कायम लेट. "जयंतीभाई, ही काय पद्धत झाली? बाहेरच्या रेल्वेला नावं ठेवता आणि तुमची स्वतःची गाडी बघा!" ते बिचारे म्हणायचे, "भालूभाई, शांती राखो ने, आ तो रमत छे." रमत! म्हणजे खेळ! मला असा संताप यायचा म्हणून सांगू.

घड्याळसुद्धा माझीच कल्पना. ऐका नीट, कारण सगळं इथंच आहे. आमच्या गाडीला एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनला जायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. खऱ्या घड्याळावर त्याचं वेळापत्रक कसं करणार? म्हणून मी म्हटलं, घड्याळ पळवा. दिघ्यांना रेडिओ खोलून जोडायची हौस. त्यांनी एक साधं भिंतीवरचं घड्याळ आणलं, आत काय काय केलं आणि ते चौपट पळायला लागलं. आमचं एक मिनिट म्हणजे त्याची चार. बाकी दिसायला अगदी तुमच्या-आमच्या घरच्यासारखं. खेळाच्या सुरुवातीला ते खऱ्या वेळेला लावायचं आणि मग सोडायचं. माझ्या कल्पनेचं त्या दिवशी दोघांनी किती कौतुक केलं होतं! आता आठवण काढली की तोंड फिरवतात.

त्या रविवारी आम्ही दुपारी तीनला सुरू केलं. मी बजावूनच गेलो होतो की आज मी लवकर निघणार. मे महिना, पंखा गरम हवा फेकतोय, समोर गाठिया, आणि गाड्या काय धावत होत्या! मध्येच मनगटाकडे पाहतो तर घड्याळ बंद. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं चावीचं घड्याळ ते. सकाळी चावी द्यायची राहिली होती. भिंतीकडे पाहिलं, पाच वीस!

आता सांगा, माणूस काय करील? चावी दिली, काटे फिरवले, पाच वीस लावले आणि उठलो. खेळात वेळ कसा जातो कळत नाही म्हणतात, ते मला त्या क्षणी शंभर टक्के पटलं.

जयंतीभाई फळीच्या खाली वाकून वायर जोडत होते. खालूनच आवाज आला, "अरे भालूभाई, क्यां चाल्या?"

"सहा पाचच्या गाडीला!"

"हां हां, लई आवो, लई आवो!"

आमच्या वेळापत्रकातही एक सहा पाचची पॅसेंजर होती, सुमनपुऱ्यावरून जाणारी. 'घेऊन या' म्हणाले ते, कारण त्यांना वाटलं मी तिची तयारी करतोय. दिघे तर बोगद्यात हात घालून बसले होते, त्यांना जगाचंच भान नव्हतं. असे हे मित्र! एकानं जरी डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं असतं तर?

स्कूटर हाणली. स्टेशनवर पोचलो, प्लॅटफॉर्म तिकीट काढलं, एक नंबरवर उभा राहिलो. मनगटावर पाच बेचाळीस. तेवीस मिनिटं आधी! छाती अशी फुगली माझी. मोगऱ्याचा गजरासुद्धा घेतला होता वाटेत.

मान वर केली तर स्टेशनचं घड्याळ दाखवतंय तीन सत्तावन्न.

माझं रक्त तापलं. अहो, एवढं मोठं स्टेशन, आणि घड्याळ पावणेदोन तास मागे! बंद असतं तर समजू शकतो. चालू होतं! चालू राहून चुकीची वेळ दाखवत होतं. बाकावर एक गृहस्थ वर्तमानपत्रानं वारा घेत बसले होते. त्यांना विचारलं, "किती वाजले?"

"चार वागवा आव्या."

चार वाजत आले म्हणे! "तुम्ही घड्याळ कशावरून लावलंत?"

त्यांनी वर बोट केलं. "आ स्टेशननी घडियाळ परथी."

बघा! म्हणजे एक चुकीचं घड्याळ अख्ख्या बडोद्याला बिघडवत होतं. मी त्यांना समजावून सांगितलं, माझं घड्याळ दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गजऱ्याकडे पाहिलं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

सहा पाच झाले. गाडी नाही. सव्वासहा, साडेसहा, गाडी नाही. चौकशीच्या खिडकीवर गेलो. आतला तरुण म्हणाला, "काका, टाइमसर छे."

"टाइमसर कशी? कुठाय मग?"

"आवशे ने, काका."

येईल! साडेसहा वाजून गेले आणि हा म्हणतो येईल! सात वाजले. ऊन तसंच रणरणतंय, प्लॅटफॉर्मवरचा कुत्रासुद्धा सावलीतून हलायला तयार नाही. माझ्या मनात आलं बरं का, की सात वाजता एवढं ऊन कसं? पण म्हटलं, मे आहे, दिवस मोठा असतो. आता हसू नका! रागावलेल्या माणसाला ऊन बघायला वेळ असतो का?

आणि माझ्या रागाचं खरं कारण वेगळंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी हिच्यासाठी वेळेआधी आलो होतो, आणि ते सिद्ध करायला गाडीच येत नव्हती. उद्या ही म्हणणार, गाडी लेट होती म्हणून तुम्ही सापडलात! माझ्या वक्तशीरपणाची किंमत शून्य. गजरा सुकत चालला होता. मी त्याच्यावर प्यायचं पाणी शिंपडत होतो आणि मनातल्या मनात रेल्वेला शिव्या देत होतो.

सात पस्तीसला, माझ्या घड्याळात, भोंग्यातून बाईचा गोड आवाज आला. अमुक गाडी थोड्याच वेळात प्लॅटफॉर्म क्रमांक एकवर येत आहे. ठीक वेळेवर.

ठीक वेळेवर!

दीड तास उशीर, आणि वर ठीक वेळेवर? लाज नाही वाटत? बेशरमपणाला काही हद्द? मी तडक ड्यूटीवरच्या स्टेशन मास्तरांच्या खोलीत घुसलो. शांत माणूस, चष्मा, समोर बशीत चहा.

"तक्रारवही द्या!" मी म्हटलं.

"बेसो, काका. शुं थयुं?"

"बसायला आलो नाही मी! आधी घड्याळ नीट करा, मग ती घोषणा बंद करा!"

ते मराठी समजत होते, बडोद्याचेच. त्यांनी वही पुढे केली. मी लिहायला लागलो आणि बोलायलाही लागलो. दोन पानं लिहिली. तेवढ्यात बाहेर कुठलीशी गाडी धडधडत आली, त्या आवाजात माझं कोणाला ऐकू जाईना, म्हणून मला ओरडावं लागलं. मध्येच ही कुठली गाडी कडमडली म्हणून मी आणखी चिडलो.

"अहो मास्तर, माझी बायको येणार आहे! तिला वाटतं मला वेळ पाळता येत नाही! मी पाच बेचाळीसपासून इथं उभा आहे, पाच बेचाळीसपासून! तीन आठवडे होऊन गेले, घरात चहा गोड लागत नाही, आणि तुमची गाडी येत नाही! ती परत गेली तर तुम्ही आणून देणार आहात का?"

स्टेशन मास्तरांनी चष्मा काढला. "काका, तुमचं घड्याळ जरा दाखवा."

दाखवलं. सात पन्नास.

"माझ्यात सहा पाच झालेत. बाहेर तुमचीच गाडी उभी आहे. हे घड्याळ तुम्ही कुठे लावलंत?"

"कुठे म्हणजे? रेल्वेच्या घड्याळावर!" मी छाती पुढे काढून म्हटलं.

"कुठल्या रेल्वेच्या?"

मी तोंड उघडलं. डोळ्यांसमोर ती भिंत आली, ते पळणारे काटे आले, दिघ्यांचा बोगद्यातला हात आला.

"मांजलपूरच्या," मागून आवाज आला.

दारात ही उभी. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात जळगावच्या भरताच्या वांग्यांची पिशवी. केव्हापासून उभी होती देव जाणे. माझं ओरडणं प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाला ऐकू येत होतं म्हणे, त्या आवाजाच्या रोखानं आली.

स्टेशन मास्तरांनी वही आपल्याकडे ओढली आणि माझ्या दोन पानांखाली शेरा मारला. मला वाचूनही दाखवला: "गाडी वेळेवर आली. तक्रारदार लवकर आले."

हिनं माझ्या हातातला ओला गजरा घेतला, माळला आणि स्टेशन मास्तरांना म्हणाली, "दादा, माफ करा. पहिलीच वेळ आहे यांची." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "खरंच दोन तास उभे होतात?"

"दोन तास आठ मिनिटं," मी म्हटलं. वेळेच्या बाबतीत मी चुकीचं बोलत नाही.

ती हसली. मला वाटलं, संपलं. सुटलो. कसलं काय! स्कूटरवर बसल्यावर म्हणाली, "आधी मांजलपूरला घ्या. मला ते घड्याळ बघायचंय."

गच्चीवर पोचलो तर दोघे गाल फुगवून बसलेले. सगळी रेल्वे ठप्प. मला बघताच जयंतीभाई, ज्यांचा आवाज मी पंधरा वर्षांत चढलेला ऐकला नव्हता, ते कडाडले, "भालूभाई! क्यां हता तमे? तमारी छ पांच हजी सिग्नल पर ऊभी छे!"

खरंच होतं. माझी सहा पाचची पॅसेंजर सुमनपुऱ्याच्या बाहेर सिग्नलला उभी, तिच्यामागे मालगाडी, मालगाडीमागे दिघ्यांची मेल. सिग्नल पाडायला स्टेशनवर कोणी नाही. दिघे म्हणाले, "भालचंद्रपंत, भिंतीवर बघा. त्या घड्याळात पहाटेचे साडेसहा झालेत. बारा तासांच्या वर लेट!" म्हणजे त्या रविवारी अख्ख्या बडोद्यात एकच गाडी लेट होती, आणि ती माझी.

हिनं पदर खोचला, खिडकीपाशी गेली, माझी पाटी वाचली. मग जयंतीभाईंना गोड आवाजात विचारलं, "जयंतीभाई, तुमच्या रेल्वेत तक्रारवही असते का हो?"

नव्हती. पण त्या माणसानं धावत खाली जाऊन नवी कोरी वही आणली! मित्र म्हणे! हिनं पहिल्या पानावर लिहिलं, "सुमनपुऱ्याला मास्तर हजर नव्हते. नेहमीचंच आहे." आणि खाली सही करायला पेन माझ्या हातात दिलं.