खालच्या बाईंची साक्ष

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना आम्ही घरात ठोकेबाई म्हणतो. नाव लेकीने ठेवलं. आमच्याकडे काही आपटलं, पडलं, खुर्ची ओढली गेली की त्या झाडूच्या दांड्याने छताला खालून ठोकतात. एक ठोका म्हणजे ‘ऐकलं मी’, दोन म्हणजे ‘पुरे आता’, आणि तीन पडले की दुसऱ्या दिवशी घरमालकाचा फोन. या देशाची भाषा शिकता शिकता माझ्या नाकी नऊ आले, पण ठोक्यांची भाषा पहिल्याच आठवड्यात समजायला लागली.

एरवी माझ्या रोजच्या वहीत भाजी, लेकीचा खोकला आणि देवापुढे काय वाचलं एवढंच असतं. आज मात्र ठोकेबाईंबद्दल लिहायला बसले आहे, कारण आज हातात जो कागद आहे तो त्यांच्यामुळे आहे.

बाई उंच, हाडापेराने मोठ्या, पण गुडघ्यांनी दमवलेल्या. राखाडी कोट, डोक्याला रुमाल, हातात चाकांची पिशवी. जिन्यात भेटल्या की मी हसून नमस्कार करायची. त्या थांबायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, “खुर्ची.” मग पुढे. वर्षानुवर्षं आमचं एवढंच संभाषण. मीही चढताना मनात म्हणायची, आज काही तो शब्द चुकत नाही.

तर झालं असं, की माझा इथे राहण्याचा परवाना संपत आला होता. तो वाढवून घ्यायचा तर रहिवासाचा दाखला हवा. म्हणजे मी या पत्त्यावर राहते हे कुणीतरी लिहून द्यायला हवं. कचेरीतल्या खिडकीवरची बाई बोलायला अगदी मऊ. तिने विचारलं, घराचा करार कुणाच्या नावावर? यांच्या. विजेचं बिल? यांचंच. बँक, फोन, लेकीच्या शाळेचा अर्ज? सगळीकडे हेच. निदान टपालाने आलेलं एखादं पत्र तरी असेल ना तुमच्या नावाचं? माझ्या माहेरची माणसं फोनवर बोलतात हो, पत्र कोण लिहितंय आता. मी लग्नाचा दाखला पुढे केला. ती म्हणाली, यावरून तुम्ही यांच्या बायको आहात हे कळतं, यांच्या घरात राहता हे कळत नाही. तिचं खोटं नव्हतं.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, “तुझ्या नावावर मी आहे की.” मी म्हटलं, त्याची पावती दाखवा म्हणाली असती.

तेवढ्यापुरतं हसून घेतलं. मुदतीत दाखला मिळाला नाही तर मला मायदेशी परत जाऊन तिथून नव्याने अर्ज करावा लागणार होता. त्याला किती महिने लागतील ते कुणी सांगेना. यांची नोकरी इथे, लेकीची शाळा इथे. लेकीने विचारलं, मग माझी वेणी कोण घालणार? हे म्हणाले, मी आहे ना. तिने यांच्या टकलाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

पुन्हा कचेरीत खेटे घातले, तेव्हा खिडकीवरच्या बाईने मार्ग काढला. घर बघायला एक माणूस येईल, तो सांगेल तुम्ही तिथे राहता की नाही. पुढच्या आठवड्यात कधीही येईल, आधी कळवणार नाही.

घरी परका माणूस येणार म्हटल्यावर आपल्यातली कुठलीही बाई काय करते? आवरायला घेते. मी घर असं आवरलं की दिवाळखोराच्या घरातसुद्धा याहून जास्त सामान दिसावं. दारामागच्या खुंट्या रिकाम्या केल्या. दात घासायचे ब्रश वापरून झाले की खणात. ओट्यावर चमचा नाही. टेबलाखालच्या फरशीवर खुर्चीचे ओरखडे होते, त्यावर नवी चटई टाकली. कपड्यांचं कपाट कोंबलेलं दिसत होतं म्हणून माझे सगळे कपडे बॅगेत भरून बॅग पलंगाखाली सरकवली. लेकीच्या उड्या मारायच्या दोरीलाही दाराआड वनवास.

आणि देव. यांच्या कामावरच्या एकाने सांगितलं, भाड्याच्या घरात उघडा दिवा दिसला तर शेरा मारतात. कशाला विषाची परीक्षा? मी देव हळूच उचलले आणि चादरींच्या कपाटात वरच्या फळीवर बसवले. म्हटलं, देवा, एवढा आठवडा सांभाळून घे. सकाळी कपाटाचं दार किलकिलं करायची, फूल वाहायची, हात जोडायची. दिवा नाही, घंटा नाही. कुकरही बंद, सगळं पातेल्यात शिजवलं, कारण शिट्टीवरून ठोकेबाई भडकल्या आणि नेमका तेव्हाच तो माणूस आला तर? खुर्च्या ओढायच्या नाहीत, उचलून ठेवायच्या. लेक घरात मांजराच्या पावलांनी फिरायची. आठवडाभर खालून एकही ठोका आला नाही. मला वाटलं, जिंकलं.

माणूस आला तेव्हा घरात मी एकटी. सडपातळ, सभ्य, बगलेत फाइल. त्याने न्हाणीघर पाहिलं, कोरडं ठणठणीत. ओटा पाहिला, लखलखीत. पलंगावरच्या चादरीला सुरकुती नाही. कपाट उघडलं, त्यात यांचे सदरे आणि लेकीचे फ्रॉक. मग त्याला पलंगाखालची बॅग दिसली.

“ही कुणाची?”

“माझी.”

“कधी आलात आपण?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घाबरले की इथली भाषा मला सोडून पळून जाते. कसंबसं सांगितलं, मी इथेच राहते, पाहुणे येणार म्हणून आवरलं. त्याने विचारलं, कोण पाहुणे? मी म्हटलं, तुम्ही. तो हसला नाही. फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, नियमाप्रमाणे शेजारी विचारावं लागेल. समोरचं बिऱ्हाड दिवसा कामावर असतं, दार वाजवून उपयोग नव्हता. तो जिना उतरायला लागला.

खाली म्हणजे ठोकेबाई. अख्ख्या इमारतीत एका माणसाने आमच्याविरुद्ध घरमालकाकडे लेखी तक्रार केली होती, आणि माझं इथलं राहणं त्याच माणसाच्या जिभेवर येऊन बसलं होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले.

खालचं दार उघडलं. त्याने विचारलं, वर कोण राहतं? बाई म्हणाल्या, एक पुरुष, एक मुलगी. आणि बाई? “बाईच तर सगळं करते,” ठोकेबाई म्हणाल्या, आणि मग तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तशा सुरू झाल्या. पहाटे घंटा. मग पावलं. मग शिट्ट्या. मग काहीतरी कुटणं. संध्याकाळी मुलीच्या उड्या. आणि खुर्ची. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता. इतक्या प्रेमाने माझ्याबद्दल या देशात कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात त्याने विचारलं, अलीकडे पाहिलंय त्यांना?

बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. “या आठवड्यात नाही,” त्या म्हणाल्या. “या आठवड्यात वर चिटपाखरू नाही. मला वाटलं, गेली.”

तो लिहायला लागला असावा, कारण खाली शांतता झाली. मग देव जाणे कुठून बळ आलं, कठड्यावरून वाकून म्हटलं, बाई, मी गेले नाही, मी आवाज करत नव्हते. हे बघायला येणार होते म्हणून.

“आठवडाभर?” खालून प्रश्न आला.

“हो.”

“खुर्ची?”

“उचलून ठेवत होते.”

बाई स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या. मग सपातांचा आवाज. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने गुडघा, प्रत्येक पायरीला थांबत त्या वर चढत होत्या आणि फाइलवाला मागून. इतक्या वर्षांत त्यांनी आमचा उंबरा पाहिलेला नव्हता.

दारात उभं राहून त्यांनी दम घेतला. मग आत आल्या, आणि डोळे बारीक करून, खालून बघत असल्यासारख्या चालायला लागल्या. टेबलापाशी थांबून पायाने चटई सरकवली. “इथे खुर्ची.” फरशीवर ओरखड्यांची कमान. खिडकीजवळ गेल्या. “इथे पोरगी उड्या मारते. दोरी कुठे लपवलीस?” मी दाराआडून काढून दिली. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, इथे कुटते. खालच्या कप्प्यात पंच्यात गुंडाळलेला खलबत्ता निघाला. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला उभ्या राहिल्या. “हिचे पाय इथे उतरतात. नवऱ्याचे त्या बाजूला, आणि खूप उशिरा.” फाइलवाल्याने वाकून पाहिलं, तर माझ्या झिजलेल्या सपाता तिथेच. तेवढ्या लपवायच्या राहिल्या होत्या.

मग बाईंनी चहूकडे पाहिलं. “घंटा कुठे आहे?”

मी चादरींचं कपाट उघडलं. फळीवर घड्या घातलेल्या चादरींच्या मध्ये माझे देव, समोर एक सुकत आलेलं फूल, बाजूला घंटा. बाई म्हणाल्या, “वाजव.”

मी चोरून वाजवल्यासारखी घंटा हलवली. किणकिण झाली जेमतेम.

“अशी नाही. रोज वाजवतेस तशी.”

मी वाजवली. रोजच्यासारखी, मनापासून. बाई फाइलवाल्याकडे वळल्या.

“हीच ती. ही बाई इथे राहते. राहत नसती तर मी इतकी वर्षं सुखाने झोपले असते.”

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. त्याने साक्षीदाराच्या जागी सही मागितली. बाईंनी केली, आणि सही करता करता विचारलं, यात तक्रार लिहायला जागा आहे का? तो म्हणाला, त्याची कचेरी वेगळी.

तो गेल्यावर मी बाईंना बसा म्हटलं. खुर्ची उचलून पुढे ठेवली. त्यांनी ते बघून घेतलं. चहा पिता पिता मात्र हळूहळू उलगडल्या. सगळा जन्म इस्पितळाच्या धुलाईघरात गेला. यंत्रांचा एवढा गडगडाट, की शेजारणीला काही सांगायचं तर खांद्याला हात लावायचा आणि ओठ हलवायचे. नवरा बस चालवायचा, तोही दिवसभर आवाजातच. तो गेला. मुलगा दुसऱ्या गावी असतो, रविवारी फोन करतो. कामातून सुटल्यावर त्यांनी ठरवलं होतं, आता फक्त शांतता. “मिळाली पण,” त्या म्हणाल्या. “पहिले काही महिने बरं वाटलं.”

आणि मग, ते त्यांनी सांगितलं नाही. टेबलाखाली बघत म्हणाल्या, त्या पायांना खाली काहीतरी लाव. मीही मग खिडकीवरच्या बाईचं सांगितलं. बिल नाही, बँक नाही, साधं टपालाने आलेलं पत्रसुद्धा नाही माझ्या नावाचं. त्या नुसत्या हुं हुं करत राहिल्या. जाताना मी पाया पडायला वाकले, तर घाबरून मागे सरकल्या. त्यांना वाटलं, माझं काही पडलं.

त्याच संध्याकाळी देव आपल्या जागी आले. दिवा लावताना मनात आलं, मी देवाला आठवडाभर कपाटात बसवलं आणि त्याने आतून हाक न मारता खालून माणूस पाठवला. त्याला जिना चढवला, तोही दुखऱ्या गुडघ्यांनी. माझ्या पदरी कुठलं पुण्य होतं ठाऊक नाही.

दाखला आला. त्यावर माझं नाव, खाली हा पत्ता. देवापुढे ठेवला आणि तसाच खाली दाखवायला घेऊन गेले. बाईंनी चष्मा लावला, माझं नाव वाचलं, चुकलं. मला म्हणून दाखवायला लावलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा त्यांनीच मान डोलावली. इथे मी यांची ‘अगं’, लेकीची ‘आई’ आणि दुकानात नुसती ‘बाई’. नाव कुणाच्या तोंडून ऐकून किती दिवस झाले होते कुणास ठाऊक. यांनी टपालपेटीवर स्वतःच्या नावाखाली माझं नाव चिकटवलं. लेकीने त्याच्या बाजूला फूल काढलं.

खुर्च्यांच्या पायांना मी नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे लावले. ठोके कमी झाले, थांबले नाहीत, आणि थांबले असते तर मला करमलं नसतं.

आज टपालपेटीत पाकीट होतं. तिकीट लावलेलं, वर टपालाचा शिक्का, आणि ठळक अक्षरात माझं पूर्ण नाव आणि हा पत्ता. आत एवढंच: ‘आपल्या एका खुर्चीच्या पायाचा तुकडा निघाला आहे. मागचा उजवा पाय असावा. कृपया लक्ष द्यावे. खालचा मजला.’

यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, “एक जिना चढवायला तिकीट कशाला लावलं म्हातारीने? दाराखालून सरकवायचं.”

मी पाकीट यांच्या हातून घेतलं आणि शिक्का न चुरगळता दाखल्याच्या फाइलमध्ये ठेवलं. पुढच्या वेळी खिडकीवरच्या बाईने विचारलं, तर दाखवायला झालं. मग जाऊन खुर्ची उलटी केली. मागचा उजवाच पाय होता.