खिडकीतून ठेवलेलं पार्सल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. परदेशी प्रकाशकाकडून मागवलेली संगणकाची पुस्तकं आणि सीडी बिरवाडीच्या खोलीवर आली, तेव्हा मी कंपनीत होतो. पोस्टात जायची माझी खेप वाचावी म्हणून पोस्टमनने नेहमीसारखं सही न घेताच पार्सल खिडकीतून आत ठेवलं. दुसरा संच फुकट मिळेल म्हणून मी प्रकाशकाला कळवलं, पार्सल आलंच नाही.

चौकशी लागली. पोस्टमन दारात आला. कानामागचं पेन काढून पुन्हा तिथंच खोचत म्हणाला, "दादा, मी ठेवलेलं हाय. नीट बघितलंत ना?"

"नाही मिळालं."

पुस्तकं माझ्या पाठीमागच्या फळीवर होती.

"मग माझंच चुकलं असंल. तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

पुढच्या आठवड्यापासून दुसराच पोस्टमन येऊ लागला.

'पार्सल मिळालं होतं' हे त्या आधीच्या पोस्टमनला सांगणं अजून बाकी आहे.