द्रझिमचा पाढा

माझी नोकरी टिकली ती युगोस्लावियाच्या एका मिस्त्रीमुळे. आधी त्याचे उपकार सांगतो, मग बाकीचं.

दुबईजवळ जबल अलीच्या वाळूत आमची कंपनी पाण्यासाठी बोअर मारत होती. मी रत्नागिरीकडचा, चौथीतून शाळा सुटलेला. घरी बायको नि दोन मुली. फोरमनने बजावलं होतं, महिनाभर बघतो, मिस्त्रीच्या हाताखाली जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या बोटीने मुंबई. त्या महिन्यात मला घास गोड लागला नाही.

मिस्त्री एरवी मोडक्या हिंदीत बोलायचा, पण जड काम निघालं की स्वतःच्या भाषेत ओरडायचा, "द्रझि!" म्हणजे धर. बाकीचे न समजता "येस सर, येस सर" करायचे. मला मात्र कोडं पडायचं, हा कधी द्रझि म्हणतो, कधी द्रझिते, कधी स्वतःशीच द्रझिम. एका दुपारी विचारलंच. त्याने सिगारेटचं पाकीट फाडून आतल्या बाजूला सहा ओळी लिहिल्या नि बोट ठेवून म्हणून दाखवल्या. मी धरतो, द्रझिम. तू, द्रझिश. तो, द्रझि. आम्ही, द्रझिमो. तुम्ही, द्रझिते. ते, द्रझे.

"और औरत बोलेगी तो?"

"द्रझिम. सेम. लेकिन कल का बात, वो अलग."

कालचं सांगताना पुरुष म्हणणार द्रझाओ साम, बाई म्हणणार द्रझाला साम. मला भारी गंमत वाटली. आमच्यात बरोब्बर उलटं! आज मी दोर धरतो, बायको धरते. पण काल दोर धरला, तो दोघांनीही धरलाच.

मग त्या सहा ओळी मी पाढ्यासारख्या घोकत सुटलो. श्रीवर्धनचे एक चाचा आमचा भटारखाना सांभाळायचे, ते वैतागले. "अरे, ह्यानं पगार वाढतो काय तुझा?"

"टिकला तरी पुरे, चाचा."

महिना भरायला दोन दिवस उरले होते. पंपाचा जड भाग कप्पीवर टांगला होता, दोर आम्हा चौघांच्या हातात, आणि मिस्त्रीला खाली शिरून बोल्ट बसवायचे होते. त्याने विचारलं, "द्रझिते?" धरताय ना?

"येस सर!" तिघे एकदम ओरडले.

तो माझ्याकडेच बघत राहिला. आता माझी खोड अशी, की सात चोक किती विचारलं तर मला सात एकेपासून निघावं लागतं. तसाच निघालो, "द्रझिम... द्रझिश... द्रझि..."

चहा घेऊन आलेले चाचा ओरडले, "यल्ला, आटप! तुझा पाढा होईस्तोवर आमचे केस पिकतील!"

पुढचा शब्द 'आम्ही'चा. म्हणून म्हणण्याआधी मागे वळून बघितलं, तर शेवटचा गडी दोर सोडून घाम पुसतोय. "भाई, पकड ना!" त्याने धरला, तेव्हा मी म्हटलं, "द्रझिमो!"

मिस्त्री खाली शिरला. बोल्ट बसवून बाहेर आला, हात पुसले आणि फोरमनला म्हणाला, "इसको रखो. ये देख के बोलता है."

पुढच्या वर्षी तो मायदेशी गेला. जाताना पत्ता लिहून दिला, त्यांच्या लिपीत. मला अजून तो वाचता येत नाही. पण शिकेन. त्याच्याच भाषेत पत्र लिहून त्याला घरच्यांसकट कोकणात बोलावीन, आणि बोटीची तिकिटं माझी. इन्शाल्ला, हे मी करणारच.